गोव्यात गाड्या बघायच्या तर आधी क्रॉसिंग शोधा

मी फोंड्याचा. आमच्या फोंडा शहराला रेल्वे नाही, म्हणून लहानपणी गाडी बघायची म्हणजे कुळ्याला नाहीतर मडगावला जायचं, हा एक कार्यक्रमच असायचा. तो अजून सुटलेला नाही. सांगली-पुण्याकडचे पाहुणे आले की त्यातला एखादा हळूच विचारतो, "गोव्यात गाड्या बघायला चांगली जागा कुठली?" बाकीचे कलंगुटला निघालेले असतात. हा लेख त्या एकासाठी आहे.

कल्याणला किंवा दादरला उभं राहण्याची सवय घेऊन इथे आलात तर कंटाळाल. कोकण रेल्वेचा गोव्यातला मार्ग बहुतांशी एकेरी आहे, आणि दोन गाड्यांमध्ये कधी तासभरही काही हलत नाही. पण एकेरी मार्गामुळेच इथे एक गंमत आहे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी एकीला कुठेतरी बाजूला थांबावंच लागतं. ते क्रॉसिंग कुठे होणार हे ओळखता आलं, की एका जागी दोन गाड्या मिळतात आणि एक तर निवांत उभी असलेली मिळते. म्हणून मी पाहुण्यांना जागांची यादी देत नाही. आधी क्रॉसिंग शोधायला शिकवतो, जागा नंतर.

आधी नकाशा डोक्यात बसवा

गोव्यात दोन रेल्वे आहेत आणि त्या मडगावला भेटतात. कोकण रेल्वे उत्तर-दक्षिण धावते: पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, माजोर्डा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण, लोलये आणि मग कारवारकडे. दुसरी दक्षिण-पश्चिम रेल्वेची जुनी वाट, पश्चिमेकडून पूर्वेकडे: वास्को, दाबोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे-कुडचडे, कुळे आणि तिथून घाट चढून कॅसलरॉक.

दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे तिची बांधणी नव्या जमान्यातली. ती उंच भरावावरून, जांभ्याच्या खोल कटिंगमधून, बोगद्यांतून आणि लांब पुलांवरून जाते. फाटकं कमी, त्यामुळे रस्त्यावर उभं राहून गाडी जवळून दिसण्याच्या जागाही कमी. वास्को-कॅसलरॉक मार्ग मात्र पोर्तुगीज काळातला, १८८७-८८ चा. मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडायला तो बांधला. पोर्तुगिजांची जकात कुळ्याला आणि ब्रिटिशांची कॅसलरॉकला, अशी तेव्हाची व्यवस्था होती. हा मार्ग गावांच्या मधून, घरांच्या परसाजवळून जातो आणि त्याला फाटकंही भरपूर आहेत. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं ते नव्वदच्या दशकात.

यावरून एक साधा नियम निघतो. डोंगर-नदीच्या पार्श्वभूमीवर दूरची गाडी हवी असेल तर कोकण रेल्वे, गाडी अंगावरून गेल्यासारखी जवळ हवी असेल तर वास्को-कुळे मार्ग.

वेळापत्रक, आणि त्यात पावसाचा घोळ

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग कमी करतात आणि बऱ्याच गाड्यांच्या वेळा बदलतात. वंदे भारतचे तर दिवसही कमी होतात. इंटरनेटवर कुणीतरी जानेवारीत लिहून ठेवलेल्या वेळा घेऊन जुलैत आलात, तर रिकामे रूळ बघाल. माझ्यावर ही वेळ आली ती मात्र ऐन हिवाळ्यात, केवळ स्वतःच्या आळसामुळे. भाच्याला वंदे भारत दाखवायला हौसेने मडगावला नेलं. तासभर उभे राहिलो, मग भाच्यानेच फोनवर शोधून सांगितलं, "मामा, शुक्रवारी ती नसतेच." त्याला दोन भजीपाव खिलवून घरी आणला.

म्हणून आदल्या रात्री रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर 'लाइव्ह स्टेशन' उघडा. पुढच्या काही तासांत त्या स्टेशनावर काय येणार आणि किती उशिराने, ते कळतं. कोकण रेल्वेच्या संकेतस्थळावरही गाड्यांची सध्याची स्थिती मिळते. आता खरं काम सुरू होतं. कागद घ्या. डावीकडे मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या लिहा, उजवीकडे मंगळुरूकडे जाणाऱ्या. प्रत्येकीची दोन-तीन स्टेशनांवरची वेळ, उशीर धरून, टिपा. दोन्ही बाजूंच्या दोन गाड्यांच्या वेळा ज्या स्टेशनाच्या आसपास जवळ येतात, तिथे क्रॉसिंग.

उदाहरण घ्या. पावसाळा सोडून इतर दिवसांत मांडवी एक्सप्रेस सकाळी साडेआठच्या सुमारास मडगावहून मुंबईकडे निघते, आणि रात्री मुंबईहून निघालेली कोकणकन्या त्याच वेळी थिवीकडून खाली मडगावला येत असते. नऊच्या आसपास दोघी करमळी-थिवीच्या पट्ट्यात असतात. नेमक्या कुठे भेटतील ते त्या दिवशी कोण किती उशिरा आहे त्यावर. कोकणकन्या अर्धा तास मागे असेल तर भेटीची जागा उत्तरेकडे सरकते. आठ वाजता एकदा फोनवर बघायचं आणि मग ठरवायचं, करमळीला थांबायचं की थिवीकडे पळायचं.

मालगाड्या या अ‍ॅपवर दिसत नाहीत. त्या तुम्हाला स्टेशनावरच्या खुणांवरून ओळखाव्या लागतात.

स्टेशनावर उभं राहून काय वाचायचं

दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. ते काढा, खिशात ठेवा, आणि लहान स्टेशन असेल तर स्टेशन मास्तरांना नमस्कार करून सांगा की गाड्या बघायला आलोय. नव्वद टक्के वेळा एवढ्यानेच ओळख होते, आणि पुढची गाडी कुठली हे न विचारता कळतं. करमळीला एकदा मी निघायच्या बेतात असताना एका पॉइंट्समनने हात करून थांबवलं, "रावात मात्शें, राजधानी येता." अ‍ॅपने काहीच सांगितलं नव्हतं, कारण मी करमळीचं पान बघत होतो आणि राजधानी तिथे थांबत नाही.

आता खुणा. एखादी गाडी मुख्य मार्गावर न येता सांधे बदलत, हळूहळू बाजूच्या लूपवर घेतली गेली आणि तिचा पुढचा सिग्नल लालच राहिला, तर समजा समोरून काहीतरी येतंय. लोको पायलट खिडकीतून आरामात बाहेर बघू लागला की खात्रीच. मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा झाला आणि स्टेशनचे कर्मचारी हिरवे झेंडे घेऊन रुळांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, म्हणजे येणारी गाडी न थांबता जाणार. त्या क्षणी पिवळ्या पट्टीच्या बरंच मागे सरका. ताशी शंभराच्या आसपास वेगाने जाणारी गाडी लहानशा स्टेशनातून जाताना जो वारा आणते, तो टोपीच नाही, तोलही घालवतो.

आणखी एक हिशोब. तुमच्यासमोरून एक गाडी दक्षिणेला गेली, तर ती पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत त्या बाजूने दुसरी गाडी येऊ शकत नाही. एवढा वेळ चहाला मोकळा.

फाटकावर असाल तर रुळांकडेचा पिवळा 'सी/फा'चा, म्हणजे सीटी/फाटकचा, फलक शोधा. तिथून गाडी हॉर्न द्यायला लागते. फलक किती लांब आहे ते बघून ठेवलं की हॉर्न ऐकल्यावर हातात किती क्षण आहेत याचा अंदाज येतो.

जागा

करमळी माझी पहिली पसंती, आणि फक्त गाड्यांसाठी नव्हे. पणजीहून जुन्या गोव्याच्या वाटेवर, स्टेशनला लागूनच करमळीचं मोठं तळं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे अडई, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी आणि दूरदेशीचे पाहुणे पक्षी असतात. दोन क्रॉसिंगांच्या मधला कंटाळवाणा तास इथे दुर्बिणीत जातो. पक्षीवाले आणि गाडीवाले एकाच बांधावर उभे राहतात आणि एकमेकांना जरा विचित्र समजतात. सकाळी लवकर या, कारण इथे कोकण रेल्वे साधारण उत्तर-दक्षिण असल्याने सकाळचं ऊन गाडीच्या पूर्वेकडच्या बाजूवर पडतं आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या. फोटोत गाडी काळी येते अशी तक्रार करणारे बहुतेक चुकीच्या बाजूला उभे असतात.

करमळीहून जवळच जुन्या गोव्याचा धक्का. तिथून दिवाडी बेटावर फेरीबोट जाते, चालत जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. फेरीतून आणि बेटाच्या काठावरून मांडवीवरचा रेल्वे पूल दिसतो. खाजणं (म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं), खारफुटी, आणि वरून जाणारी वीस-बावीस डब्यांची रांग. हा फोटो डोळ्यांत बसतो, पण पूल लांब आहे, म्हणून झूम लेन्स नसेल तर नुसतं बघा. नव्वदच्या दशकात याच मार्गावरून गोव्यात मोठं आंदोलन पेटलं होतं. खाजण शेती आणि जुन्या गोव्याचा वारसा धोक्यात येईल म्हणून मार्ग आत, पूर्वेकडे न्या, अशी मागणी होती. बेटावरच्या जुन्या माणसांशी बोलायला बसलात तर पुलाबद्दल कौतुक आणि नाराजी दोन्ही ऐकायला मिळेल. गाड्यांच्या वेडात ते ऐकायचं विसरू नका.

जुवारीवरचा रेल्वे पूल बघायला थांबावंही लागत नाही. पणजीहून मडगावला कदंबाने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, जाताना डावीकडची खिडकी पकडा. आगशी-कुठ्ठाळी दरम्यान रस्त्याच्या पुलावरून पूर्वेला रेल्वेचा पूल दिसतो. त्यावर त्याच वेळी गाडी असणं हा मात्र नशिबाचा भाग. स्वतःची गाडी घेऊन आलात तर रस्त्याच्या पुलावर थांबवू नका. आगशीच्या बाजूने खाली नदीकाठी उतरा.

पुढे वेर्णा. इथे ट्रक चढवलेली रोरो गाडी बघायला मिळते. कोलाड ते वेर्णा ही सेवा १९९९ पासून चालू आहे. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर ओळीने उभे, आणि ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये बसून कोकण बघत चाललेले. एकाला मी हात केला तर त्याने हॉर्न वाजवला. रुळावरून जाणाऱ्या गाडीतून ट्रकचा हॉर्न ऐकण्याची मजा वेगळीच.

मडगावला सौंदर्य नाही, पण वैविध्य सगळ्यात जास्त. दोन्ही रेल्वे इथे एकत्र येतात, इंजिनं वेगवेगळ्या शेडची, आणि कुणी ना कुणी सतत शंटिंग करत असतं. पावसाळा सोडून दुपारी एक ते साडेतीन इथे बसा. मुंबईची वंदे भारत एकच्या सुमारास येते आणि पावणेतीनच्या आत परत निघते, जनशताब्दी आणि तेजसचीही ये-जा याच सुमारास. शिवाय वास्कोहून दुपारी निघालेली गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनच्या लांबच्या वाटेला लागते तीही यानंतर लवकरच. पादचारी पुलावरून दोन्ही बाजूंचं यार्ड दिसतं, पण गर्दीची वाट अडवू नका, आणि तारांच्या वर उभं राहून काठी, छत्री, सेल्फी स्टिक खाली लोंबू देऊ नका. इथला मार्ग आता विजेचा आहे, पंचवीस हजार व्होल्टचा, आणि तारेला हात लागावाच लागतो असं नाही. जुन्या लोकांना विचाराल तर इथेच स्कायबसची चाचणी झाली होती हे सांगतील. २००४ मध्ये चाचणीदरम्यान अपघात होऊन एकाचा जीव गेला आणि पुढे तो प्रकल्प गुंडाळला.

मडगावहून माजोर्डा जवळ. कोकण रेल्वे आणि वास्कोचा मार्ग इथे एकमेकांपासून वेगळे होतात, त्यामुळे कुठली गाडी कुठे वळणार याचा अंदाज बांधत बसायला छान. समुद्रही जवळ, म्हणून बरोबर आलेल्या नातेवाइकांना किनाऱ्यावर सोडून देता येतं.

थिवी आणि पेडण्याला मी फारसा जात नाही. थिवीला गाड्या पुष्कळ थांबतात, पण बघायला मोकळी जागा कमी. पेडण्याचं स्टेशन शांत आणि हिरवं आहे. जवळच्या बोगद्याने बांधणीच्या वेळी मऊ मातीमुळे छळलं आणि नंतरही. २०२० मध्ये त्याची भिंत कोसळली, २०२४ च्या जुलैत आत पाणी शिरलं, आणि दोन्ही वेळा गाड्या वळवाव्या लागल्या. दक्षिणेला काणकोण मात्र सुंदर. पाळोळ्याला उतरला असाल तर संध्याकाळी एक फेरी स्टेशनावर मारा. मागे सह्याद्री, प्लॅटफॉर्म बहुतेक रिकामा.

कुळे आणि दूधसागर

सगळ्यांना इथेच जायचं असतं, म्हणून जरा सविस्तर.

कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचा घाट सदतीसास एक चढाचा आहे, म्हणजे दर सदतीस मीटरला एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा भलताच चढ. म्हणून जड गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. बघण्याची खरी गोष्ट ही आहे, आणि ती कुळ्याच्या प्लॅटफॉर्मवर बसून मिळते. बंदरातून कोळसा घेऊन कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे निघालेली मालगाडी येते, थांबते, मागे इंजिनं लागतात, ब्रेक तपासले जातात, आणि पुढचं-मागचं इंजिन हॉर्नवर एकमेकांशी बोलल्यासारखं करून गाडी हलते. सुरुवातीची पाच मिनिटं ती चालतेय की थांबलीय हेच कळत नाही. मी या आवाजासाठी दूधसागर सोडायला तयार आहे.

धबधब्याजवळ रुळांवरून चालत जाणं बंद आहे, आणि हा नियम मनावर घ्या. घाटात बोगदे, वळणं, आणि पावसात बाजूला सरकायला जागा नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना रुळांवर शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२३ च्या पावसाळ्यात तिथे पोचलेल्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

सरळ मार्ग दोन. पावसाळ्यानंतर कुळ्याहून जीप मिळते. ती भगवान महावीर अभयारण्यातून, ओहोळ ओलांडत पायथ्याच्या बाजूला नेते, मग थोडं चालून डोहाशी पोचतो. समोर ३१० मीटरचा धबधबा आणि त्याच्या मधोमध कमानींचा पूल. गाडी आली तर ती पाण्याच्या पडद्यापुढून जाते. आदल्या रात्रीचा कागद इथे कामी येतो, कारण डोहाशी फार वेळ थांबू देत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे घाटातून जाणाऱ्या एक्सप्रेसचं तिकीट काढून खिडकीत बसणं. पावसाळ्यात जीप बंद असते आणि धबधबा भर जोरात, तेव्हा हाच एक उपाय. दारात लटकू नका, बोगद्याची भिंत वाटते त्यापेक्षा जवळ असते.

गावातल्या फाटकांवर जरा जपून

चांदर, कासावली, सांकवाळ भागात फाटकाशी उभं राहून उत्तम गाड्या दिसतात. वास्को-कुळे मार्ग पूर्व-पश्चिम असल्याने थंडीत दक्षिणेकडची बाजू जवळपास दिवसभर उजळलेली असते. पण इथे दुहेरी मार्गाला आणि कोळशाच्या वाहतुकीला मोठा विरोध आहे. २०२० च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला चांदरच्या फाटकावर रात्रभर हजारो लोक जमले होते. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या दुहेरीकरणाची परवानगी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अशा गावात अनोळखी माणूस कॅमेरा आणि वही घेऊन रुळांची मोजदाद केल्यासारखा उभा राहिला, तर लोक येऊन विचारणारच. ते रास्त आहे. हसून सांगा की हौस म्हणून आलोय, कुणाच्या परसात शिरू नका, घरांचे फोटो काढू नका.

दाबोळीला नौदलाचा तळ आणि वास्कोला बंदर, म्हणून त्या दोन ठिकाणी कॅमेरा पिशवीतच बरा. ड्रोन तर आणूच नका.

एका दिवसात बसवायचं असेल तर

पणजीत राहत असाल आणि पावसाळा नसेल, तर साडेसातला करमळी गाठा. पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून जाता येतं, भाडं आधी ठरवा. मांडवी-कोकणकन्येचं क्रॉसिंग बघितलं की जुना गोवा, फेरीने दिवाडी आणि परत. कदंबाने, डावीकडच्या खिडकीतून जुवारी बघत, एकच्या आत मडगाव. जेवण आधी उरका, वंदे भारत आल्यावर ताट हातात नको. दुपारची गर्दी संपली की लोकलने किंवा बसने माजोर्डा, आणि संध्याकाळी परत मडगाव. सातच्या सुमारास कोकणकन्या मुंबईला निघते. तिच्या दारात सामान चढवताना उडणारी धांदल हा कार्यक्रमाचाच भाग समजा. ती गेली की स्टेशनबाहेरच्या गाड्यावर रॉस ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) आणि पाव मागवा. पणजीला जाणारी शेवटची बस कधी सुटते हे मात्र दुपारीच विचारून ठेवा, कारण रॉस ऑम्लेट एकावर थांबत नाही.